औरंगाबादची लीला

मुकुंदराव देगलूरकर त्या दिवशी काचीगुडा स्टेशनवर गेले ते अगदी साध्या कामासाठी. त्यांचे जुने स्नेही हणमंतराव औरंगाबादहून यायचे होते. त्यांना उतरवून घ्यायचं आणि घरी जेवायला न्यायचं, एवढंच. सन अठ्ठावन्नचा एप्रिल. सकाळचे नऊ वाजले होते, तरी फलाटाची फरशी चपलेतून जाणवत होती. गाडी उशिरा होती. मुकुंदराव नळाजवळच्या बाकावर बसून राहिले. वर्षभरात त्यांना नुसतं बसून राहायची सवय झाली होती.

ते सरकारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. हणमंतराव त्याच कॉलेजात मोठे कारकून होते. छप्पन सालच्या नोव्हेंबरात हैदराबादचं राज्य मोडलं. तेलुगू मुलूख इथंच राहिला, कानडी म्हैसूरकडं गेला, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्याआधी मराठी नोकरदारांच्या हातात एकेक कागद पडला होता. इथं राहता की तिकडं जाता, ते लिहून द्या. त्या कागदापायी घराघरात धुसफूस झाली. हणमंतरावांनी औरंगाबाद लिहिलं आणि बायकापोरं घेऊन ते गेले. मुकुंदरावांची बायको सत्यवती परभणीची. तिलाही जायचं होतं. मुकुंदरावांनी तिला सांगितलं की मी औरंगाबादच लिहिलं होतं, वरून नाव कापलं गेलं, हुकमापुढं काय चालतंय? खरं काय लिहिलं होतं ते दोघांनाच ठाऊक होतं. एक ते स्वतः, आणि दुसरे ज्यांच्या हातून ते कागद गेले ते हणमंतराव. प्रयोगशाळेत नवी यंत्रं यायची होती आणि ती मुकुंदरावांच्या ताब्यात मिळायची होती. त्यांनी हैदराबाद लिहिलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत शेजारच्या बिऱ्हाडातून घटसर्प त्यांच्या घरात आला. लीला सात वर्षांची होती. चौथ्या दिवशी तिचा श्वास कोंडला आणि ती गेली. औरंगाबादहून हणमंतरावांचं चार पानी पत्र आलं होतं. त्यावर जागोजागी शाई फुटली होती.

गाडी आली. हणमंतराव वळकटी घेऊन उतरले, पाच पावलं चालले, आणि मुकुंदरावांना बघून जागच्या जागी थांबले.

"तू इथं काय करायलास?" ते म्हणाले. "काल तर तूच मला टांग्यात बसवून दिलंस."

मुकुंदराव हसले. प्रवासाच्या झोपेत माणूस काहीही बोलतो. त्यांनी वळकटीला हात घातला.

"लीलेचा ताप उतरला का?" हणमंतराव म्हणाले. "मी निघालो तेव्हा अंग चांगलंच कढत होतं."

मुकुंदरावांच्या हातून वळकटी सुटली. त्यांच्या चेहऱ्याकडं बघता बघता हणमंतरावांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि हलक्या आवाजात माफी मागितली. मला माहीत आहे, म्हणाले, मीच पत्र लिहिलं होतं, मग तोंडातून असं कसं आलं कोण जाणे.

दोघं सायकलरिक्षात बसले. चौकातून वळताना हणमंतराव समोर बघत म्हणाले, "मुकुंदा, मला दोन्ही आठवायलंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. धर्माबाद सुटलं आणि बासरचा पूल आला. गोदावरी ओलांडताना त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा डोक्यात एक भलतंच वर्ष भरून राहिलं होतं. त्या वर्षात मुकुंदरावांनी औरंगाबाद लिहिलं होतं. दोन्ही कुटुंबं एकाच गाडीनं गेली होती. औरंगाबादला दोघांची घरं एका अंगणात होती. लीला त्यांच्या ओट्यावर बसून पाढे म्हणायची, तिचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते, तिसरीत तिचा पहिला नंबर आला होता. हे सगळं स्वप्नासारखं पुसट नव्हतं. कालचं जेवण आठवावं तसं स्वच्छ आठवत होतं. आणि ते चार पानी पत्र लिहिल्याचं, लिहिताना रडल्याचंही तितकंच स्वच्छ आठवत होतं. हणमंतराव म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याच्या बापाचं नाव सांगणारा माणूस. ते थापा मारणारे नव्हते, आणि वेडाचा तर त्यांच्यात लवलेश नव्हता.

मुकुंदरावांना वाटली ती निव्वळ भीती नव्हती. कारण ही गोष्ट त्यांनी दुसरीकडं वाचली होती.

डिसेंबरात कॉलेजच्या वाचनालयात अमेरिकेचं एक शास्त्रीय नियतकालिक आलं होतं, बोटीनं, चार-पाच महिने शिळं. त्यात कुणा तरुण संशोधकाचा लेख होता. सूक्ष्म कणाला जायला दोन वाटा असतील तर गणितात तो दोन्ही वाटांनी जातो. आपण बघायला गेलो की मात्र एकाच वाटेवर सापडतो. मग दुसरी वाट जाते कुठं? मोठमोठी माणसं म्हणत, बघितल्याबरोबर ती नाहीशी होते. हा तरुण म्हणत होता, नाहीशी होते असं गणितात कुठंही लिहिलेलं नाही. दोन्ही राहतात. बघणारासुद्धा दोन होतो. एकाला ही वाट दिसते, एकाला ती, आणि ज्याला त्याला आपलंच जग तेवढं खरं वाटतं.

मुकुंदरावांना तो लेख पुरता पटला होता असं नाही. पण गणित स्वच्छ होतं. आणि घरात दहा महिने बायको भिंतीकडं तोंड करून निजत होती. एका संध्याकाळी त्यांनी तिला ते सगळं साध्या भाषेत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, आपण औरंगाबादला गेलो असंही एक जग असेल का? ते म्हणाले, गणित नाही म्हणत नाही. तिथं ती असेल? असेल, ते म्हणाले. लेखातली एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. त्या दोन जगांना एकमेकांचा पत्ता कधीच लागत नाही. तेवढं सांगितलं असतं तर दिलासा म्हणून काही उरलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सत्यवतीनं माळ्यावरून लीलेची लहान बाज खाली काढली, सुंभ ताणून घेतला आणि मधल्या खोलीत मांडली. तेव्हा मुकुंदरावांना बरंच वाटलं होतं. म्हटलं, हाताला काम लागलं.

घर जवळ आलं तसा त्यांनी हणमंतरावांचा हात धरला आणि यातलं अक्षरही घरात काढू नकोस म्हणून शपथ घातली. हणमंतरावांनी मान हलवली.

सत्यवतीनं अंबाड्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. ती गेल्या वर्षापेक्षा निम्मी झाली होती, मनगटाची हाडं वर आली होती, पण चेहऱ्यावर एक तकतकी होती. तिनं हणमंतरावांच्या बायकोची, मुलांची चौकशी केली. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं होतं, त्याचा गार वास घरभर होता. बाहेर उन्हानं गल्ली ओस पडली होती. जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा तिनं हणमंतरावांच्या ताटात भाकरी वाढली आणि वाढता वाढता विचारलं, "भावजी, लीलेचा ताप किती आहे?"

हणमंतरावांचा घास हातात राहिला. त्यांनी मुकुंदरावांकडं बघितलं. मुकुंदराव बायकोकडं बघत होते.

"यांच्याकडं नका बघू," ती म्हणाली. "यांना काही माहीत नाही. आठ दिवस झाले, हात नुसता भाजतोय तिचा."

मग तिनं सांगितलं, अगदी शांतपणे, भाकऱ्या मोजून सांगावं तसं. बाज मांडली त्या दिवसापासून रोज दुपारी तीनला ती बाजेशेजारी बसते. मनात एकच धरते, की लीला तिथं निजली आहे. पहिले पंधरा दिवस काही झालं नाही. सोळाव्या दिवशी चादरीवर ठेवलेल्या सत्यवतीच्या हातात दुसरा हात आला. लहान, ऊबदार. दिसत काही नाही. हाताला मात्र लागतो, नखांसकट. आधी क्षणभर असायचा, मग पाच मिनिटं, आता तास तास. मुकुंदराव त्या वेळी कॉलेजात असत.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "औरंगाबादहून आलात, म्हणजे तिला बघूनच आलात ना?"

हणमंतरावांनी ताटातच पाणी सोडलं. शपथेचं त्यांना भान राहिलं नाही, किंवा राहिलं असेल, पण त्या बाईपुढं खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. त्यांनी सांगितलं की लीला तीन-चार महिने दुपारी निजायला घाबरते. बाजेपाशी एक बाई येऊन बसते म्हणते. आईसारखीच आहे पण आई नाही, वाळलेली आहे, हात धरून ओढते. डॉक्टरांना काही सापडत नाही. पोर रोडावत चालली. तळहातावर बोटांचे वळ उठतात. तिकडची सत्यवती रात्रंदिवस जागी असते, पोरीचा हात आपल्या पदराला बांधून बसते.

"बांधते," सत्यवती म्हणाली. "म्हणूनच हल्ली जोर लावावा लागतोय."

मुकुंदराव उठले, त्यांचा तांब्या लवंडला. त्यांनी तिला बाहेरच्या खोलीत नेलं आणि हात जोडले. आयुष्यात त्यांनी बायकोपुढं हात जोडले नव्हते. तिथं ती जिवंत आहे, त्यांनी सांगितलं. तिथं तिला आई आहे, बाप आहे, शाळा आहे. तू ओढतेस म्हणून ती खंगते आहे. तू सोडलंस तर ती जगेल. कुठंतरी ती जगते आहे, एवढ्यावर आपण दिवस काढू.

सत्यवतीनं ऐकून घेतलं. मग त्यांना वळसा घालून ती परत हणमंतरावांपुढं जाऊन उभी राहिली.

"एक विचारते, भावजी. तिकडं यांनी कागदावर काय लिहिलं होतं?"

"औरंगाबाद."

"आणि इकडं?"

हणमंतराव ताटाकडं बघत राहिले. लवंडलेलं पाणी पाटाखालून त्यांच्या धोतरापर्यंत आलं होतं.

"कागद तुमच्याच हातून गेले होते," ती म्हणाली.

"हैदराबाद," ते म्हणाले. ऐकू येईल न येईल असं.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं पोतेरं आणून पाणी टिपलं. ताटं उचलली. मुकुंदराव दारात उभे होते, त्यांच्याकडं न बघता ती बोलली.

"तिकडच्या सत्यवतीला एक वर्ष जास्तीचं मिळालं. नवे दात बघायला मिळाले. आता माझी पाळी."

घड्याळात तीन व्हायला आले होते. ती मधल्या खोलीत गेली आणि बाजेशेजारी जमिनीवर बसली.

मुकुंदराव मागोमाग आत आले. खोलीत वाळ्याचा वास नव्हता. घशाला लावायच्या औषधाचा वास होता, तो गोडसर, कडवट, लीलेच्या शेवटच्या चार दिवसांतला. औषधाची बाटली त्यांनी स्वतः गेल्या वर्षी मुसी नदीत फेकली होती. बाजेवर धुतलेली चादर होती. सत्यवतीचा उजवा हात चादरीवर होता, मूठ अर्धी मिटलेली, जशी आतल्या कशाभोवती मिटावी तशी. कुठंतरी लांब शंटिंगचा आवाज झाला आणि थांबला. मग खोलीत श्वास ऐकू यायला लागला. तो सत्यवतीचा नव्हता. आखूड, घाईचा, नाकातून येणारा.

मुकुंदरावांनी बायकोचा दंड धरला.

"मला उपटलंत," ती हळूच म्हणाली, "तर माझ्याबरोबर तीही उपटून येईल. बघा... तुमच्या हातानं होऊ द्यायचं असेल तर."

त्यांनी दंड सोडला. आता एकच उपाय होता. तिची बोटं एकेक करून उलगडायची आणि तो हात मोकळा करायचा. ते गुडघ्यांवर बसले. तिची करंगळी उचलली, मग तिच्या शेजारचं बोट. तिनं विरोध केला नाही. तिसरं बोट उचलताना त्यांच्या अंगठ्याला काहीतरी लागलं.

लहान, कढत, ओलसर बोटं. ती चाचपडली आणि त्यांच्या अंगठ्याभोवती मिटली.

लीला रस्ता ओलांडताना असाच अंगठा धरायची. पूर्ण हात कधी धरायची नाही. सत्यवतीचा हात तिनं धरलाच नव्हता, तो तिच्यावर लादलेला होता. हा अंगठा मात्र तिनं आपणहून धरला, बापाचा म्हणून, सोडवायला आला म्हणून.

तेव्हाच हात मागं घ्यायचा होता. मुकुंदरावांना ते कळत होतं. कळत असूनही त्यांनी आपली चार बोटं त्या इवल्या हातावर मिटली. फार नाही, वीसेक श्वासांपुरती. नुसतं धरून ठेवलं. ओढलं नाही, असं ते पुढं स्वतःला सांगत राहिले.

आधी श्वास थांबला. मग त्यांच्या मुठीतला ताप उतरायला लागला, चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा. बोटं गार झाली, मग ताठ झाली, मग मुठीत काहीच उरलं नाही. औषधाचा वास गेला. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

सत्यवतीनं चादर चाचपली, बाजेखाली वाकून बघितलं, खोलीचे चारी कोपरे बघितले. पोर इकडं आलेली नव्हती.

दारात पावलं वाजली. हणमंतराव उभे होते, हात धुऊन पुसत. चेहऱ्यावर थोडा संकोच होता.

"काय झालं, वहिनी?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर बाजेवर गेली आणि ते कळवळले. "लीलेची बाज अजून ठेवलीय तुम्ही..."

मुकुंदरावांनी त्यांना बाहेर आणून विचारलं, तिकडचं काय आठवतंय? कुठलं तिकडचं, हणमंतराव म्हणाले. तू औरंगाबादला आलास कधी? बासरच्या पुलाचं विचारलं, ओट्यावरच्या पाढ्यांचं विचारलं. त्यांना फक्त चार पानी पत्र आठवत होतं. मुकुंदराव खोदून खोदून विचारायला लागले तेव्हा ते घाबरले. त्यांनी मित्राच्या पाठीवरून हात फिरवला, थोडे दिवस रजा घे म्हणून सांगितलं आणि उन्हं उतरायच्या आत वळकटी घेऊन निघून गेले. असल्या घरी रात्र काढायला त्यांचं मन घेईना.

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव कॉलेजात गेले नाहीत. दुपारी सत्यवतीनं त्यांना वाढलं, स्वतः जेवली, भांडी घासून पालथी घातली, आणि हात पुसत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"त्या लेखात जगं किती सांगितलीत?"

मुकुंदरावांना तिचा रोख कळला. लेखात आकडा नव्हता, कारण आकडा नसतोच. क्षणोक्षणी वाटा फुटतात, आणि फुटलेल्या प्रत्येक वाटेला पुन्हा फुटतात. लीला न आजारी पडलेली, आजारी पडून वाचलेली, परभणीला आजोळी राहिलेली, अशा लीला मोजायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

"एकच," ते म्हणाले. "एकच होतं दुसरं. ते संपलं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. नवरा खोटं कसं सांगतो, त्याची तिला आता ओळख झाली होती. घड्याळात तीनचे ठोके पडले. ती उठून मधल्या खोलीत गेली.

मुकुंदराव बसल्या जागी ऐकत राहिले. पाव तास गेला. मग आतून तिचा आवाज आला, हलका, जवळजवळ लाडाचा.

"अहो, ऐकलंत का? हिच्या हातात बांगड्या आहेत. कालचीला नव्हत्या."

ते उंबऱ्याशी गेले. तिथून परत फिरावं, घराबाहेर पडावं, स्टेशनवर जाऊन मिळेल त्या गाडीत बसावं, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. खोलीत औषधाचा वास नव्हता. खोबरेल तेलाचा होता, नुकतीच वेणी घातलेल्या केसांचा. ते आत गेले आणि सत्यवतीच्या शेजारी बसले. तिनं सरकून जागा दिली. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्यांच्यासाठी सरकली होती. त्यांनी अंगठा पुढं केला, चादरीवर ठेवला आणि डोळे मिटून वाट बघितली.

काही वेळानं तो धरला गेला. पण लहान बोटांनी नाही. एका पुरुषाच्या पंजानं आधी अंगठा, मग मनगट पकडलं. पंजा त्यांच्या स्वतःच्याच पंजासारखा रुंद होता, कोरडा होता, बोटांना खडूची भुकटी लागलेली होती, आणि त्याच्यात राग होता. त्यानं एकदा पकड घट्ट केली. मग तो सावकाश ओढायला लागला.

"धरलं ना तिनं?" सत्यवतीनं विचारलं.

मुकुंदरावांचं कोपर बाजेच्या काठावरून पुढं सरकलं.

"हो," ते म्हणाले.